कोसाचांच्या घरातली भाषा

आडनाव जन्मासोबत आपसूक मिळतं. भाषा मात्र घरात कुणीतरी हट्टानं राखावी लागते. युक्रेनमधल्या कोसाच घराण्याबद्दल वाचताना हे मला वारंवार जाणवतं.

१८७६ साली रशियाच्या झारनं हुकूम काढून युक्रेनी छपाईवर कडक बंधनं घातली. त्याच वर्षी ओल्हा कोसाच यांनी कीव्हमध्ये युक्रेनी लोकभरतकामाच्या नक्ष्यांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. शाळेत सगळं शिक्षण रशियनमधून, म्हणून मुलांना त्यांनी घरीच शिकवलं. स्वतः त्या ‘ओलेना प्चिल्का’ या नावानं लिहीत. लेक लारिसाला ‘लेस्या उक्रायिन्का’ हे टोपणनाव त्यांनीच दिलं आणि १८८४ मध्ये तिची कविता सरहद्दीपलीकडे, ऑस्ट्रियाच्या अमलाखालच्या ल्विव्हमध्ये छापून आली. तेव्हा लेस्या अवघी तेरा वर्षांची होती.

लहानपणीच तिच्या हाडांत क्षय शिरला. डाव्या हातावर शस्त्रक्रिया झाली, जिवापाड आवडणारा पियानो सुटत गेला. पण लिहिणं थांबलं नाही. ऐन विशीच्या उंबरठ्यावर तिनं धाकट्या बहिणींसाठी पूर्वेकडच्या प्राचीन लोकांच्या इतिहासाचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि ऋग्वेदातली सूक्तं युक्रेनीत आणली. ज्या भाषेत छापायची चोरी, त्या भाषेत वेद आणावेत असं त्या आजारी मुलीला वाटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपली भाषा कशालाही कमी पडणार नाही, हा विश्वास तिला घरातूनच मिळाला असणार.

१९०३ मध्ये थोरला मुलगा मिखायलो गेला, तोही लेखक. १९१३ मध्ये लेस्या गेली, बेचाळिसाव्या वर्षी. आई मागे राहिली, पण खचली नाही. १९२० साली हादियाचमध्ये, सत्तरी गाठलेल्या या बाईंनी कवी शेवचेंको यांच्या पुतळ्याला निळा-पिवळा झेंडा गुंडाळला आणि त्यापायी अटक ओढवून घेतली. पुढे १९३७ मध्ये सोव्हिएत राजवटीनं धाकटी लेक इसिदोरा हिलाही श्रमछावणीत धाडलं.

राजवटी बदलल्या, धाक तोच राहिला. तरीही आज युक्रेनच्या दोनशे ह्रिव्न्यांच्या नोटेवर लेस्याचा चेहरा आहे. हा मान तिचा आहेच, पण माझ्या मते त्यातला अर्धा वाटा मुलांना घरात बसवून मातृभाषेत शिकवणाऱ्या तिच्या आईचा आहे. भाषा वाचवण्याचं काम कवींच्या कितीतरी आधी घरात सुरू होतं.