कोण कोणासाठी थांबलंय?

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या घरात एक शब्द सारखा कानावर पडतो, 'आधी'. आधी डाळ-तांदूळ धुऊन वाळू देत, मग भाजू. आधी भाजणी गिरणीतून येऊ दे, मग चकलीचं बघू. सारण एकीनं करावं, पारीचं पीठ दुसरीनं भिजवावं, दोन्ही कामं एकाच वेळी चालू शकतात. पण दोन्ही तयार झाल्याशिवाय करंजी भरता येत नाही. सौ.नं हे कुठं लिहून ठेवलेलं नाही. सगळं डोक्यात. आजवर कधी आमच्याकडे भाजणी यायच्या आधी तेल तापलेलं मी पाहिलं नाही.

या 'आधी' आणि 'मग'चं एक शास्त्र आहे आणि त्याच्यावर संगणकाच्या जगात मोठा डोलारा उभा आहे, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी समजलं. समजलं तेही माझ्याच शाळेच्या फळ्यावर, माझीच एक जुनी चूक हुडकताना. ती हकिगत सांगायची म्हणून हा लेख.

आमचं हायस्कूल बेळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. सरकारी कागद कन्नडमध्ये येतात, वर्ग मराठीत चालतात आणि पोर्टलवरचे अर्ज इंग्रजीत भरले जातात. 2019 साली आमच्या एका मुलीनं केंद्र सरकारच्या आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीची परीक्षा पास केली. आठवीत परीक्षा होते, आणि पास झालेल्यांना नववीपासून बारावीपर्यंत दर वर्षाला 12,000 रुपये मिळतात. चार वर्षांचे 48,000. मुलीचे वडील गवंड्याच्या हाताखाली काम करणारे. त्या घरात ही रक्कम म्हणजे काय, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

मुलीनं अर्ज भरला. पण पोर्टलवरचा अर्ज नुसता भरून भागत नाही. ठरलेल्या तारखेच्या आत शाळेनं तो पडताळून पुढं पाठवावा लागतो. आम्ही तो पाठवला नाही. तारीख उलटून गेल्यावर चौथ्या दिवशी ध्यानात आलं. मी हेडक्लार्क अण्णांवर ओरडलो, अण्णा वर्गशिक्षिका बाईंकडे बघत राहिले, बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीला बोलावून सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "असू दे ओ सर." तिनं रडायला हवं होतं, म्हणजे मला बरं वाटलं असतं.

पुढची पाच वर्षं मी मनाशी धरून होतो की चूक अण्णांची. थोडीशी बाईंची.

2024 च्या मे महिन्यात आमचा एक माजी विद्यार्थी पुण्याहून सुट्टीला आला होता. एका कंपनीत संगणकाची कामं करतो. भेटायला आला आणि ऑफिसातला कागदांचा ढीग बघून हसला. "सर, आमच्याकडं पण हेच असतंय. फक्त ढीग दिसत नाही." मग दोन तास त्यानं मला त्याच्या धंद्यातली गोष्ट सांगितली. मी मराठीचा एम.ए.; तरी मला ती कळली, यात कौतुक त्याचं.

संगणकाला ठरलेल्या वेळी काम करायला लावण्याची युक्ती जुनी आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्स प्रणालीसाठी 'क्रॉन' नावाचा एक छोटा प्रोग्राम तयार झाला. रात्री दोनला हे कर, दर सोमवारी ते कर, असं त्याला सांगून ठेवायचं. तो म्हणजे आमचा घंटा देणारा शिपाई. वेळ झाली की घंटा. आदल्या तासाचे गुरुजी वर्गातून बाहेर आलेत की नाहीत, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

त्याच प्रयोगशाळेत 1976 साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचा प्रोग्राम लिहिला. त्यामागची कथा मला फार आवडली. त्यांच्या एका सहकाऱ्यानं प्रोग्राममधली चूक दुरुस्त केली होती, तरी प्रोग्राम चुकीचंच चालत होता. त्यात त्याची सगळी सकाळ गेली. शेवटी कळलं की दुरुस्त केलेल्या फाईलवरून प्रोग्राम पुन्हा बांधून घ्यायचाच राहिला होता. भाजणी नवी आणली आणि चकल्या जुन्याच पिठाच्या! 'मेक'ला वेळ कळत नसे. पण काय कशावर अवलंबून आहे हे कळत असे, आणि जे बदललं त्याच्यापुढचं तेवढंच तो नव्यानं करून घेई.

घंटा आणि 'आधी-मग' या दोन गोष्टी एकत्र आल्या की आजची ही सॉफ्टवेअरं तयार होतात. त्यांतलं गाजलेलं नाव 'एअरफ्लो'. एअरबीएनबी या कंपनीत मॅक्सिम बोशमँ यांनी 2014 साली ते सुरू केलं, 2015 मध्ये कंपनीनं ते जगाला खुलं केलं, आणि 2019 पासून ते अपाची फाउंडेशनचा एक मुख्य प्रकल्प आहे. कामांची साखळी त्यात लिहून द्यायची: हे झालं की ते, ही दोन झाली की तिसरं. मग ते वेळेवर सुरू करतं, एखादं काम फसलं तर थोडं थांबून पुन्हा करून बघतं, तरीही जमलं नाही तर पुढची कामं रोखून माणसाला कळवतं. पडद्यावर प्रत्येक कामाची चौकट दिसते. झालेलं हिरवं, फसलेलं तांबडं.

"आणि हे फुकट?" मी विचारलं.

"मुक्त म्हणा सर. फुकट काहीच नसतंय." आतला मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, आपल्या मशीनवर चालवावा, अशी त्याची परवानगी. पण मशीन आपलं, वीज आपली, आणि बिघडलं तर रात्री जागायचं तेही आपणच. यांतल्या कित्येक सॉफ्टवेअरांच्या मागं कंपन्या असतात. मूळ वस्तू खुली ठेवून त्या वरच्या सोयी विकतात. एखाद्या सुगरणीनं भाजणीचं प्रमाण सगळ्या गल्लीला द्यावं आणि ज्यांना सवड नाही त्यांना तयार भाजणी विकावी, तसं.

एअरफ्लो आमच्या शाळेला जड. त्यानं त्याच जातीचं 'केस्ट्रा' नावाचं सॉफ्टवेअर निवडलं. फ्रान्समधल्या मंडळींनी सुरू केलेलं, तेही खुलं. संगणक कक्षातल्या एका मशीनची मेमरी वाढवून घेतली आणि तो म्हणाला, "सर, आता शिष्यवृत्तीच्या अर्जाचं काम फळ्यावर काढूया. कोण कोणासाठी थांबतंय तेवढं सांगा."

अण्णा आले, बाई आल्या. त्यानं खडू घेतला.

बाई म्हणाल्या, कागद तपासून यादी मी देते; पण पुष्कळ मुलांचं आडनाव आधारवर एक आणि शाळेत एक असतं. कन्नडमधून इंग्रजीत जाताना आणि मराठीतून इंग्रजीत जाताना अक्षरं बदलतात. म्हणून प्रवेश रजिस्टरचा उतारा हातात आल्याशिवाय यादी पक्की करता येत नाही. अण्णा म्हणाले, उतारा मी काढतो. पण मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय तो देता येत नाही. आता माझी पाळी. मी अभिमानानं सांगितलं, "वर्गशिक्षकांनी तपासलेली यादी समोर आल्याशिवाय मी शिष्यवृत्तीच्या कुठल्याही कागदावर सही करत नाही. माझा नियम आहे."

त्यानं तिसरा बाण काढला आणि खडू खाली ठेवला.

फळ्यावर बाई अण्णांसाठी थांबल्या होत्या, अण्णा माझ्यासाठी आणि मी बाईंसाठी. बाण फिरून जागेवर आले होते. खोलीत कोणी बोललं नाही.

"सर, हे चालतच नाही," तो हळू आवाजात म्हणाला. या सॉफ्टवेअरांचा पहिलाच दंडक हा, की बाण फिरून मागं येता कामा नयेत. ते तपासायची रीत सोपी आहे, ए. बी. कान यांनी 1962 साली ती मांडली. जे काम कोणासाठीच थांबलेलं नाही ते आधी उचला, त्याच्यापासून निघणारे बाण पुसा. मग जे मोकळं होईल ते उचला. असं करत सगळी कामं संपली तर ठीक. कामं उरली आणि त्यांतलं एकही मोकळं नसेल, तर कुठंतरी चक्र आहे. एअरफ्लोला असं चक्र दिलं तर तो काम सुरूच करत नाही, चूक दाखवून बाजूला होतो. आम्ही माणसं. आम्ही चक्रही चालवत होतो. कधी अण्णा रागावून बिनसहीचा उतारा देत, कधी बाई उताऱ्याविना यादी देत, आणि काम होऊन जाई. 2019 च्या त्या पंधरवड्यात तिघंही नियमानं वागले. आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर होते.

ती रात्र मला झोप आली नाही. नियम माझा होता. कधीकाळी एका कोऱ्या कागदावर सही करून पस्तावलो होतो, म्हणून केलेला. करताना तो कुणाच्या कुठल्या कामावर जाऊन बसतो ते पाहिलं नव्हतं, आणि मला विचारायची शाळेत कोणाची छाती नव्हती. चक्र आहे एवढं फळ्यानं सांगितलं. ते कुठं तोडायचं हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मी उताऱ्याच्या सहीपुरता नियम मोडीत काढला. उतारा म्हणजे रजिस्टरात आहे त्याची नक्कल. त्याला यादी कशाला हवी?

मग साखळी बसवली. पोर्टलवरचं काम माणसानंच करायचं. यंत्रानं रोज संध्याकाळी एवढंच बघायचं, की कोणत्या मुलाचा कोणता कागद कोणाकडं अडला आहे, आणि ज्याच्याकडं अडला त्याला कळवायचं. शेवटच्या तारखेच्या आधी दहा दिवस काम अपुरं असेल तर चौकट तांबडी. "तांबड्यात नाव कोणाचं घालू?" त्यानं विचारलं. अण्णांनी खाली बघितलं. मी म्हटलं, "माझं घाल."

पहिल्या महिन्यात फजितीही झाली. हजेरीची साखळी जोडली होती, गैरहजर मुलाच्या घरी मेसेज जाणारी. पाठवता पाठवता वीज गेली, आली, पुन्हा गेली. यंत्रानं इमानानं दर वेळी पहिल्यापासून सुरुवात केली आणि एका घरी तोच मेसेज तीनदा गेला. वडील धावत आले, "सर, तीन-तीनदा सांगायला पोरानं केलंय तरी काय?" त्यानं पुण्याहून दुरुस्ती केली. कोणाला पाठवलं याची नोंद आधी बघायची, मगच पाठवायचं. काम दहादा करायला घेतलं तरी परिणाम एकदाच व्हावा, हा त्यांच्या धंद्यातला मोठा धडा आहे म्हणे.

दुसरी अडचण आमच्या मातीतली. मेसेज कोणत्या भाषेत? यंत्राला 'जर-तर' लागतं: जर मराठी तर हा, जर कन्नड तर तो. मी घरोघरी चिठ्ठ्या पाठवल्या. 1956 पासून या जिल्ह्यात हा प्रश्न साधा राहिलेला नाही. मला भीती होती की कोणीतरी चिठ्ठी घेऊन भांडायला येणार. तसं झालं नाही. पण कित्येक चिठ्ठ्यांवर दोन्ही चौकटींत खुणा होत्या. एकीवर लिहिलं होतं, 'आई कन्नड वाचते, आज्जी मराठी. दोघींस्नी कळू दे.' मी पुण्याला फोन लावला. आता हे कसं बसवायचं? तो म्हणाला, "त्यात काय सर, दोन बाण काढायचे." इतकं सोपं उत्तर मी या प्रश्नावर आयुष्यात ऐकलं नव्हतं.

साखळीची फाईल साध्या मजकुराची असते. ती छापून मी ऑफिसच्या कपाटात ठेवली आहे, शेजारी मराठीत अर्थ लिहून. पोरगा पुण्यात, मी निवृत्तीच्या वाटेवर, अण्णांची तर दोनच वर्षं राहिली. सौ.च्या डोक्यातली भाजणी तिच्याबरोबर आहे. शाळेचं काम तसं कोणाच्या डोक्यात राहून चालत नाही.

ती मुलगी बारावी झाली आणि आता गावातल्या कापड दुकानात बसते. तिचा धाकटा भाऊ तेव्हा आमच्याकडं आठवीत होता. त्याच्या परीक्षेचा फॉर्म घ्यायला ती आली, तेव्हा मी तिला वर्गात नेलं, फळ्यावर तेच तीन बाण काढले आणि तिचा अर्ज का अडला ते सांगितलं. माझा बाण कोणता, तेही सांगितलं. पाच वर्षांनी. ती बराच वेळ फळ्याकडं बघत राहिली.

"मग आता भावाचं चुकायचं नाही न्हवं सर?"

यंत्र, चौकटी, रोजचा मेसेज, सगळं ओठावर आलं होतं. ते तिला सांगून काय उपयोग? मी म्हटलं, "नाही. मी स्वतः बघतो." मग डस्टर घेतला आणि फळा पुसला.