तीन जिवांचा भाडेपट्टा

गेले तीन-चार वीकएंड मी पूर्वज शोधतोय. माझे नव्हेत, एका इंग्रज मित्राचे. हा माझा जुना सहकारी, मूळचा डेव्हनचा, आता निवृत्त. त्याला जुनं हस्ताक्षर लागतं, मला तारखांचे तक्ते जुळवता येतात. जोडी बरी जमलीय.

पूर्वज शोधायचे म्हटलं की लोक आधी चर्चच्या वह्या उघडतात. इंग्लंडात १५३८ पासून बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायचा नियम आहे. पण या नोंदी भलत्याच कोरड्या. नाव, तारीख, संपलं. आम्हाला खरं घबाड मिळालं ते घराच्या भाडेपट्ट्यांत.

डेव्हन, कॉर्नवॉल, डॉर्सेट या नैऋत्येच्या भागात पूर्वी 'तीन जिवांचा' पट्टा असे. शेतकऱ्याने सुरुवातीला घसघशीत नजराणा भरायचा, मग वर्षाला काही शिलिंग नाममात्र भाडं. मुदत किती? तर कागदात तीन माणसांची नावं लिहायची. त्यातला एक जरी जिवंत असला तरी घर-जमीन तुमच्याकडे. तिसरा गेला की सगळं जमीनदाराला परत. बऱ्याच पट्ट्यांत वर ९९ वर्षांची मर्यादा. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत, तिघांतलं सर्वांत लांबलेलं आयुष्य किंवा ९९ वर्षं, जे आधी संपेल ते. :-)

आता तुम्ही म्हणाल, त्यातला एखादा परदेशी जाऊन बेपत्ता झाला तर? त्याचीही सोय होती. १६६६ च्या कायद्याप्रमाणे सात वर्षं तो जिवंत असल्याचा पुरावा मिळाला नाही, तर मेला असं धरायचं. चक्क टाइमआउट!

थॉमस हार्डीची 'टेस' (१८९१) ज्यांनी वाचलीय त्यांना आठवेल. टेसच्या बापाचा जीव हा त्यांच्या घराच्या पट्ट्यातला शेवटचा. तो मरतो आणि बायकापोरांना घर सोडावं लागतं. हार्डी डॉर्सेटचाच, त्यामुळे हा व्यवहार त्याच्या चांगलाच ओळखीचा.

मित्राच्या कागदात तीन नावं होती. नवरा, बायको आणि मुलगी, 'वय सुमारे चार वर्षे'. मूलच का? कारण ते आईबापांपेक्षा जास्त जगेल ही आशा. पण अगदी तान्हंही नको, तान्ही पोरं पटापट जात. चार वर्षं काढलेली, धडधाकट पोर म्हणजे त्यातल्या त्यात भरवशाची.

नऊ वर्षांनी दुसरा पट्टा. जुना परत केला, पुन्हा नजराणा भरला, आणि तिसरं नाव धाकट्या मुलाचं. मुलीचा उल्लेखच नाही. मी तक्त्यात दफनाच्या नोंदी जोडल्या. नव्या पट्ट्याच्या बरोबर सात आठवडे आधी तिचं दफन झालं होतं. सात आठवड्यांत बापाने नजराण्याची रक्कम उभी केली. मी हे फोनवर सांगितलं तेव्हा मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "पैसे आणले कुठून असतील रे?"

घर शेवटी गेलंच. १८३६ च्या कायद्यानंतर गावोगावचे नकाशे झाले. प्रत्येक तुकड्याला नंबर, मालक कोण, कसतो कोण, साधारण आपल्या सातबाऱ्यासारखं. त्यात या घरापुढे भलतंच आडनाव आहे. १८४१ च्या जनगणनेत नातवंडं शेतमजूर म्हणून सापडली. असे उरलेसुरले पट्टे पुढे १९२५ च्या कायद्याने ९० वर्षांच्या मुदतीचे करून टाकले. असो.

दफनाच्या वहीत वय लिहायची सक्ती १८१३ मध्ये आली. ही पोर त्याच्या आधीच गेली, त्यामुळे तिथे तिचं नाव आणि बापाचं नाव, बस्स. गरिबाच्या पोरीच्या थडग्यावर दगड कोण बसवणार? चार वर्षांची असताना ती ठणठणीत होती आणि अख्खं घर तिच्या जिवावर उभं होतं, हे फक्त जमीनदाराच्या कागदाने सांभाळून ठेवलंय.