टाकीची जागा

घराचा नकाशा घेऊन आलेला चाकरमानी आधी हॉल दाखवतो, मग देवघराची दिशा विचारतो. संडासाच्या टाकीचं नाव मी काढेपर्यंत निघत नाही. ‘ती काय, मागे कुठेतरी टाकू,’ हे ठरलेलं उत्तर. आमच्या रत्नागिरीत ‘मागे कुठेतरी’ म्हणजे पुष्कळदा विहिरीच्या वरच्या अंगाला. म्हणून मी नकाशा मिटतो आणि आधी विहीर दाखवा म्हणतो. तुमची आणि शेजाऱ्याचीही.

विहिरीत वाकून पाहिलं की जमिनीचं पोट दिसतं. वर काळपट, टणक कातळ. त्याखाली तांबडा, भोकाभोकांचा जांभा. तो संपतो तिथे पांढरट-गुलाबी, बोटाला चिकटणारी शेडी. पावसाचं पाणी जांभ्यातून खाली उतरतं, शेडी त्याला सहजासहजी पुढे जाऊ देत नाही, मग ते त्या सांध्यावरून आडवं चालतं. विहिरीचा झरा फुटतो तो तिथेच. सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पायथ्याच्या वाड्यांना पाणी मिळतं तेही याच हिशेबाने. इथे वर्षाला 3000 मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. तरी सड्यावरच्या कित्येक विहिरी एप्रिल-मेमध्ये तळ दाखवतात. पाऊस जिथे थांबत नाही, तिथे टाकीतलं पाणी तरी का थांबावं?

टाकीत मैला तळाशी बसून कुजतो. बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळ असलं तरी त्यात रोगजंतू असतातच. ते गाळायचं काम पुढे मातीने करायचं. जांभ्यात माती कमी, भेगा फार. एखादी भेग गाठली की पाणी न गाळताच विहिरीच्या वाटेला लागतं. हे पाणी मुरवायचा शोषखड्डा अखंड कातळात बसला तर तऱ्हा उलटी. पावसाळ्यात तो भरून वर येतो. भारतीय मानक 2470 सांगतं की असा खड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान 18 मीटर लांब हवा. भेगाळ खडकात ही पद्धतच नको, असंही तेच मानक सांगतं. पहिला आकडा सगळ्या कंत्राटदारांना पाठ असतो, दुसरी गोष्ट कुणी काढत नाही.

मी जागेवर वीतभर रुंदीचं भोक शोषखड्ड्याच्या खोलीपर्यंत पाडून घेतो, रात्रभर पाण्याने भिजवतो आणि सकाळी पुन्हा भरून पाणी इंचभर उतरायला किती मिनिटं लागतात ते बघतो. ‘घड्याळ लावून भोकात काय बघताय?’ म्हणून गवंडी हसतात. हसोत बापडे. पाणी झरकन उतरलं की मालक खूश होतो, मी होत नाही.

बांधायला मात्र हीच जमीन उदार. 1910 चा थिबा राजवाडा बघा, जांभ्याचाच. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, हवा-ऊन लागून कडक होतो. म्हणून जुने लोक तो उन्हाळाभर उघड्यावर रचून ठेवत. आता सकाळी मशीनने कापलेला चिरा संध्याकाळी भिंतीत बसतो. आमचा गवंडी अजून प्रत्येक चिऱ्यावर थापीची मूठ मारतो. खणखणीत वाजला तर भिंतीला, बद्द वाजला तर गडग्याला. पांढरे डाग असले तर हातच लावत नाही. ते डाग शेडीचे. पावसात ती धुऊन जाते, मागे भोक राहतं आणि भिंत ओल धरते.

उतारावर जोतं बसवताना जेसीबीने मागची बाजू उभी कापायची फॅशन आली आहे. जांभा उभा कापला तर वर्षानुवर्षं उभा राहतो. शेडी उघडी पडली की पाणी पिऊन ढिली होते आणि वरचा जांभा सुटतो. तिथे धारक भिंत आणि पाणी काढून देणारा पाट हवाच. या खर्चात मी घासाघीस करू देत नाही.

राहिली बाग. कातळात सुरुंग लावून मीटरभर खड्डा काढायचा, लॉरीने माती आणायची, शेणखत घालायचं, की हापूसचं कलम धरतं. ही तांबडी माती आंबट. तिच्यातलं लोह आणि अॅल्युमिनिअम स्फुरदाला धरून बसतं, त्यामुळे शेणखतात हात आखडता घेऊन भागत नाही.

खरी ओढाताण होते ती जागेतल्या मातीवरून. दहा गुंठ्यांत खोल माती असलीच तर एखाद्या कोपऱ्यात, आणि तिथेच मालकाला कलम हवं असतं. मला तो कोपरा टाकीच्या पाण्यासाठी हवा असतो, अर्थात विहिरीच्या खालच्या अंगाला असेल तर. कलमाला लॉरीची माती चालते. पाणी गाळायला जागची, न हललेली माती लागते. वाद तासभर चालतो. शेवटी बहुधा वहिनीच मध्ये पडतात: ‘कलम पुढे अंगणात लावा हो, मागे केळी लागतील.’ मग मी नकाशा पुन्हा उघडतो.