कंपासपेटीतली धार

आमच्या ट्रेकच्या सामानाची एक एक्सेल शीट आहे. टॉर्चच्या जादा सेलपासून मॅगीच्या पाकिटांपर्यंत सगळं त्यात असतं. त्यात 'चाकू' ह्या ओळीपुढे गेली चार वर्षं माझं नाव आहे. चाकू आणला की टिक. त्याला धार आहे का, हे कधी कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मागच्या डिसेंबरात रतनगडाला गेलो होतो. रतनवाडीत एका घराच्या अंगणात तंबू ठोकले आणि खिचडीची तयारी सुरू झाली. आमचा एक मित्र टोमॅटो चिरत होता. साल कापलं जाईना म्हणून त्याने जोर लावला, चाकू सटकला आणि थेट डाव्या हाताच्या बोटात. रात्री गाडी काढून राजूर गाठलं. तीन टाके! दुसऱ्या दिवशीचा गड अर्थातच रद्द. "अरे, होतं असं," म्हणून तोच वाटेत मला समजावत होता. पण चाकू माझा होता ना.

सकाळी बघतो तर त्या घरातल्या मावशी माझाच चाकू अंगणातल्या दगडावर घासत बसलेल्या. म्हणाल्या, "धार असली की चाकू सांगू तिथं जातो. बोथट झाला की मनाला येईल तिथं जातो." आमच्या हापिसात ह्याच मुद्द्यावर तासाभराचं प्रेझेंटेशन झालं असतं.

परत आल्यावर पुढच्याच वीकांताला कामाला लागलो. बाजारात तयार कीट मिळतात, पण मला स्वतः करायचं होतं. शाळेतली जुनी कंपासपेटी सापडली. तिच्यात बसेल अशी अॅक्रिलिकची पट्टी कापून घेतली. हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणले – ४००, १००० आणि २००० नंबरचे. नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक. पट्टीच्या मापाचे तुकडे केले. जुन्या पट्ट्याचं चामडं एका लाकडी फळीवर चिकटवलं आणि त्यावर हिरवं पॉलिश चोळलं. त्या हिरव्यात क्रोमियम ऑक्साइड असतं. आय ड्रॉप्सची रिकामी बाटली धुऊन पाण्यासाठी घेतली. झालं कीट!

आता कोन. चाकूला प्रत्येक बाजूने साधारण २० अंश ठीक. माझं पातं २५ मिमी रुंद, म्हणजे २५ गुणिले साइन २०, पात्याची पाठ साधारण साडेआठ मिमी उचलायची. तेवढी लाकडी पाचर तासली. गणित चोख, धार शून्य. तासभर घासूनही वर्तमानपत्राचा कागद कापायच्या ऐवजी फाटत होता.

बाबा खुर्चीत बसून हे बघत होते. ते कंपनीत फिटर होते. लहानपणी दर रविवारी आमची विळी आणि शेजारच्या चार घरच्या विळ्या त्यांच्याकडे यायच्या. मी कधी शिकलो नाही, आणि आता त्यांचा हात थरथरतो. चहाचा कपसुद्धा ते दोन्ही हातांनी धरतात. त्यांना विचारायला म्हणूनच मला जड जात होतं.

"जोर कशाला लावतोस? कागद करतो ना काम," ते म्हणाले. मग डोळे मिटून घेतले. "घास आता." मी घासलं. "हां... हां... आता आवाज बदलला बघ. पाठ उचललीस." खरंच उचलली होती! पाचर फक्त सुरुवात करून देते, पुढे कोन हातानेच सांभाळायचा. तो सुटला की आवाज बदलतो, हे मला कुठल्याच व्हिडिओत दिसलं नव्हतं.

मग पद्धत बसली. कागदावर दोन थेंब पाणी. पातं पाठीच्या दिशेने ओढायचं, धार पुढे ढकलली तर कागद कापला जातो. ४०० वर एकच बाजू, पलीकडच्या कडेला बारीक खरखर लागेपर्यंत. ती अंगठा धारेला आडवा फिरवून बघायची, धारेवरून लांब नाही! मग दुसरी बाजू तशीच. नंतर १००० आणि २००० वर हलक्या हाताने आलटूनपालटून, आणि शेवटी चामड्यावर वीसेक वेळा. कोन बरोबर आहे का बघायचं असेल तर धारेला मार्करने रंग द्या. शाई अगदी टोकापर्यंत पुसली गेली तर जमलं. फक्त वरची पुसली तर पाठ जास्त खाली आहे.

संध्याकाळी बाबांनी टोमॅटो मागवला. मी चिरला. पातं नुसतं ठेवून ओढलं, साल आपोआप सुटलं. बाबांनी एक फोड उचलली, मीठ लावून खाल्ली आणि म्हणाले, "विळी पण आण आतून."

तर आता दर रविवारी मी घासतो, ते ऐकतात. एक्सेल शीटमध्ये चाकूच्या ओळीपुढे एक नवा रकाना आलाय: 'धार बघितली?' आणि त्या मित्राचं बोट आता ठणठणीत आहे. रतनगड मात्र अजून बाकी आहे. पावसाळा संपला की जाऊ. टोमॅटो मी चिरणार, हे आधीच ठरलंय :)