पकडतो, पण सोडत नाही

पावसाळा संपला की साकीनाका, जोगेश्वरी, कुर्ल्याच्या गॅरेजांत एक तक्रार हमखास येते: ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते आणि थोडं चाललं की पुढचं एक चाक तापतं. मुंबईची खारी, दमट हवा आणि सबवेत साचणारं पाणी लोखंडाला सोडत नाही. माझ्या जुन्या गाडीचं डावं चाक असंच तापू लागलं, म्हणून एक रविवार गॅरेजात काढला.

उस्तादांनी काम शागिर्दाकडे दिलं. वय १७, शाळा नववीत सुटलेली. त्याने पॅड काढले, कॅलिपरमध्ये लाकडाचा तुकडा ठेवला आणि मला ब्रेकचं पेडल हळूहळू दाबायला सांगितलं. ऑइलच्या दाबाने पिस्टन बाहेर सरकला. कडेला गंजाचे खड्डे होते. "घासून चालणार नाही सर, नवाच टाकावा लागेल."

आतल्या खाचेत चौकोनी कडेचं रबरी सील असतं. ते ऑइल अडवतं एवढंच मला माहीत होतं. तो म्हणाला, "पिस्टनला मागेही तेच खेचतं." ब्रेक दाबला की रबर पिस्टनबरोबर थोडं वाकतं, पाय उचलला की सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे घेतं. तिथे स्प्रिंग नसते. खाचेत गंज साचला किंवा रबर कडक झालं, की कॅलिपर पकडतो, पण सोडत नाही.

त्याने खाच साफ केली, नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बोटाने बसवलं. पेट्रोल किंवा साधं ग्रीस रबराला लावायचं नाही, ते फुगतं. मग एअर काढली: मी पेडल दाबून धरायचं, त्याने निपल उघडून बंद करायचं, त्यानंतरच मी पाय उचलायचा. उजव्या बाजूचंही सील बदललं.

सील किटच्या पाकिटावरच्या सूचना इंग्रजीत होत्या. त्याला त्या वाचता येत नाहीत. सगळं काम बघून शिकलेला. मी त्याच्या वहीत एका पानावर उर्दूत, समोरच्या पानावर मराठीत पायऱ्या लिहून दिल्या. 'पिस्टन बसवा' असं मी लिहिलं होतं. वाचून दाखवल्यावर त्याने वाढवायला लावलं: 'हाताने दाबून बसवा, ठोकू नका.'

आयटीआयच्या मोटर मेकॅनिक कोर्सला दहावी पास लागते. १७ नंबरचा फॉर्म भरून त्याला बाहेरून परीक्षा देता येईल. परीक्षेच्या दिवसांत सुट्टी द्याल का, असं मी उस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "सुट्टी देईन मास्टरसाहेब. पण रात्री नऊला शटर पडतं. हा अभ्यास कधी करणार, ते सांगा."

प्रश्न रास्त आहे. रात्री नऊनंतर उघडी राहील अशी एक खोली आणि शिकवायला दोन माणसं, एवढं आपल्या वस्तीतल्या शाळांना जमवता येईल. निदान एका माणसाची सोय झाली आहे, मी येतो.