पाचवा रकाना

साहित्य मंडळाच्या अंकात सी भाषेबद्दल लेख? असं म्हणून पान उलटू नका. हा लेख मराठीत चार नेमक्या ओळी लिहिण्याबद्दलच आहे. फक्त त्या ओळी एका प्रोग्रॅमच्या पोटात लिहायच्या होत्या.

मंडळाच्या कपाटात जुने हस्तलिखित अंक आहेत. त्यांची सूची एका फाइलमध्ये आहे आणि त्या सूचीत शोधण्यासाठी कुणा माजी विद्यार्थ्याने सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवलाय. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर प्रोग्रॅमचं नाव टाइप करायचं, त्यापुढे काय हवं ते लिहायचं आणि एंटर दाबायचं. नावापुढे जे लिहितो ते पर्याय, म्हणजे ऑप्शन. एक आडवी रेघ देऊन एकच अक्षर, किंवा दोन रेघा देऊन अख्खा शब्द. लेखकावरून शोधायचं की वर्षावरून, हे पर्यायांनी सांगायचं. पर्याय माहीत नसतील तर '--हेल्प' लिहायचं, की प्रोग्रॅम आपली ओळख स्वतः करून देतो.

आमच्या प्रोग्रॅमची ही ओळख शिळी झाली होती. मदतीत विषयावरून शोधायचा पर्याय दिला होता, पण आत तसा पर्यायच नव्हता. उलट वर्षावरून शोधायची सोय आत होती, तिचा मदतीत उल्लेख नव्हता. त्यामुळे नवीन मुलं एक-दोनदा प्रयत्न करायची आणि सरळ कपाट उघडून धूळ खात बसायची. प्रोग्रॅम चांगला होता, पण तो चालवता येणारा माणूस पदवी घेऊन निघून गेला होता.

असं का होतं हे समजायला थोडं आत जावं लागतं. सी भाषेतला प्रत्येक प्रोग्रॅम 'मेन' नावाच्या फंक्शनपासून सुरू होतो. त्याच्या हातात दोन गोष्टी येतात: एकूण शब्द किती, आणि ते शब्द कोणते. पहिला शब्द म्हणजे सहसा प्रोग्रॅमचं स्वतःचं नाव. बस्स, एवढंच. त्यातला पर्याय कोणता, पर्यायाची किंमत कोणती आणि नुसतंच फाइलचं नाव कोणतं, हे सी भाषा सांगत नाही. वाक्य मिळालं, व्याकरण तुमचं तुम्ही बघा! कर्निघन आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकातही हे शब्द एकेक अक्षर तपासून हातानेच सोडवून दाखवले आहेत.

प्रत्येकाने आपापलं व्याकरण केलं की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. म्हणून 'गेटऑप्ट' नावाचं तयार फंक्शन आलं. एटी अँड टी कंपनीने १९८५ साली त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला, आणि पुढे ते पॉझिक्स या मानकाचा भाग झालं. त्याला आपल्याकडे असलेल्या पर्यायांची अक्षरं एका ओळीत लिहून द्यायची. ज्या अक्षरापुढे विसर्गासारखी दोन टिंबं, त्या पर्यायाला पुढे किंमत हवी. ओळखीचं अक्षर आलं की गेटऑप्ट ते परत देतं, अनोळखी आलं की प्रश्नचिन्ह देतं. मला ही पद्धत आवडली. पण तिला मदतीच्या मजकुराची काहीच खबर नसते. तो वेगळ्या जागी, वेगळ्या दिवशी, हाताने लिहावा लागतो. मग कुणीतरी घाईत नवा पर्याय जोडतो, प्रोग्रॅम नीट चालतो, आणि मदत मागच्या वर्षातच राहते. आमच्या माजी विद्यार्थ्याने गेटऑप्टच वापरलं होतं. दोष त्याच्या आळसाचा कमी आणि दोन जागांमधल्या अंतराचा जास्त, असं मला वाटतं.

लिनक्सवरच्या ग्नू सी लायब्ररीत यावर एक उपाय आहे. त्याचं नाव 'आर्गपी'. यात पर्यायांचा तक्ता करायचा आणि प्रत्येक पर्यायाला एक ओळ द्यायची. ओळीत सहा रकाने: लांब नाव, लहान अक्षर, किंमतीचं नाव, खुणा, स्पष्टीकरण आणि गट. याच तक्त्यावरून आर्गपी पर्याय ओळखतं आणि याच तक्त्यावरून मदतही छापतं. '--हेल्प' वेगळं लिहावं लागत नाही. पर्याय काढला तर त्याचं स्पष्टीकरण त्याच्याबरोबर जातं, नवा जोडला तर स्पष्टीकरणाचा पाचवा रकाना तुमच्याकडे बघत राहतो. तिथे खोटं लिहिणं अजूनही शक्य आहे, पण विसरणं अवघड आहे.

मदत छापताना वर वापराची एक ओळ येते. चौकोनी कंसात जे असेल ते ऐच्छिक, तीन टिंबं म्हणजे एकाहून अधिक चालेल. ज्यांना व्याकरणाच्या तासाला झोप येते त्यांनी ही ओळ जरूर बघावी. एवढ्याशा जागेत पूर्ण वाक्यरचना मांडलेली असते.

पण मला सगळ्यात भावली ती गोष्ट वेगळीच आहे. प्रोग्रॅम संपताना मागे एक आकडा ठेवून जातो. शून्य म्हणजे सगळं नीट झालं. चुकीचा पर्याय दिला तर आर्गपी ६४ हा आकडा ठेवतं, तक्रार एरर संदेशांच्या वेगळ्या वाटेने पाठवतं आणि मदत कशी मागायची तेही सांगतं. '--हेल्प' मागितलं तर मात्र मजकूर नेहमीच्या वाटेने येतो, आणि आकडा शून्य! ग्नूच्या लेखन-संकेतांतही हेच सांगितलंय: मदत दाखवून प्रोग्रॅमने यशस्वीपणे संपावं. म्हणजे मदत मागणं ही चूक नाही, हे यंत्रात लिहून ठेवलंय.

हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. आपल्या सीमाभागात ज्याच्या घरी शिकलेलं नातवंड आहे, त्याला हे नवं वाटणार नाही. मी शाळेत असताना आजीबरोबर एका कचेरीत गेले होते. रोज मराठी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणारी आजी, पण फॉर्म तिला न येणाऱ्या लिपीत होता. तिने खिडकीत विचारलं, "बाळा, हितं काय लिहायचं?" पलीकडून उत्तर आलं, "वाचता येत नाही काय?" मागच्या रांगेतल्या दोघांनी मान खाली घातली. आजी काही बोलली नाही. तिने फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि पुढची कित्येक वर्षं ती कुठल्याही खिडकीत एकटी गेली नाही. तिने मदत मागितली, तिला ६४ मिळाला.

म्हणून पाचवा रकाना मी मराठीत लिहायचं ठरवलं. इथे एक गंमत झाली. एका अक्षराचा पर्याय देवनागरीत देता येत नाही. आर्गपी आतून गेटऑप्टचीच जात आहे, आणि ते लहान पर्याय एकेका बाइटने वाचतं. आपलं एकेक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. लांब नावाला मात्र अडचण नाही. '--लेखक', '--वर्ष' बिनतक्रार चालतात. दुसरा कुठला पर्याय तसा सुरू होत नसेल तर नुसतं '--ले' लिहिलं तरी चालतं. '--मदत' मी वेगळा जोडला, आणि त्यावर तीच मदत छापून शून्य आकड्याने संपायला सांगितलं.

मांडणीत बाइट पुन्हा आडवे आले. 'मदत' पडद्यावर तीन अक्षरं, पण मोजणाऱ्याच्या हिशेबी नऊ बाइट. त्यामुळे रकाने डावीकडे सरकतात आणि ओळ अर्ध्यातच तुटते. तुटू नये म्हणून मी स्पष्टीकरणं छोटी करत गेले. 'या पर्यायाच्या साहाय्याने वापरकर्त्यास लेखकाच्या नावानुसार शोध घेता येईल' याचं झालं 'लेखकाच्या नावावरून शोधा'. तीन वर्षं निबंध लिहून जे जमलं नाही, ते एका अरुंद रकान्याने करून घेतलं. वरचा 'यूसेज' हा शब्द लायब्ररीचा आहे, तो माझ्या मशीनवर इंग्रजीतच राहिलाय. राहू दे.

गेल्या महिन्यात पहिल्या वर्षाच्या एका मुलीने '--मदत' लिहिलं, दोन मिनिटं वाचलं, आणि कुणाला काही न विचारता तिला हवा असलेला अंक शोधला. मी शेजारीच बसले होते. मला काही बोलावं लागलं नाही.

परीक्षेनंतर मी इथे नसेन. प्रोग्रॅम मंडळाच्या संगणकावर आहे, कोडही त्याच फोल्डरमध्ये आहे. कुणाला विषयावरून शोधायची सोय करायची असेल तर जरूर करा. तक्त्यात एक ओळ वाढवायची आणि खाली शोधाचा कोड जोडायचा. फक्त पाचवा रकाना रिकामा सोडू नका, आणि लिहाल ते असं लिहा की वाचणाऱ्याला दुसऱ्या कुणाला विचारावं लागू नये.