डोंबिवलीची संख्या आणि हातचा

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत गणितावर लिहावे, हे आमच्या काही सहकाऱ्यांना रुचणार नाही. परंतु संस्थेतील ज्या अनुभवाने आम्हांला अलीकडे सर्वाधिक विचार करावयास लावले, तो ग्रंथालयातला नसून संगणक-कक्षातला आहे. गणिताचे शिक्षक रजेवर गेले की त्यांचा तास आमच्याकडे येतो, आणि अशा तासाला आम्ही सूत्रांऐवजी माणसे शिकवतो. त्या दिवशी आम्ही कापरेकर शिकवले.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे जन्मले. त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. फर्ग्युसन महाविद्यालयातून पुढे आल्यावर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ या अंकामुळे जग त्यांना ओळखते. तेही फार उशिरा, १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील मासिकात लिहिल्यावर. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही, म्हणून या शाळामास्तराच्या आकडेमोडीकडे आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी करमणूक म्हणूनच पाहिले. शाळामास्तरांविषयीची ही दृष्टी आम्हांला अपरिचित नाही!

याच कापरेकरांनी संख्यांच्या एका कुळाला ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेल्या डेम्लो, म्हणजेच आपल्या डोंबिवली स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली होती. १९३८ मध्ये त्यांनी त्यांविषयी ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये लिहिले आणि पुढल्या वर्षी गुंजीकरांच्या सोबतीने त्यांची उपपत्ती मांडली. आमच्या वर्गात डोंबिवलीची सात मुले होती. त्यांच्यापैकी एकालाही आपल्या स्थानकाची ही थोरवी ठाऊक नव्हती. फलाटावरील गर्दी मात्र सर्वांना ठाऊक होती.

या कुळातील सर्वांत देखण्या संख्या नुसत्या एकांच्या वर्गातून मिळतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. मुलांनी वहीत गुणाकार मांडले. एकाखाली एक सरकत जाणाऱ्या ओळींची बेरीज करताना उभ्या रांगांत १, २, ३ असे चढत जाऊन पुन्हा उतरणारे आकडे कसे येतात, हे मांडणीतच दिसते. सहा एकांपर्यंत कोठेही हातचा नाही. १११११११ न म्हणता १११११ आणि १११११ मोजून लिहिताना मुलांची जी तारांबळ उडाली, तिचे वर्णन करत बसत नाही.

मग सर्वजण संगणकाकडे वळले. आठवीतील एका मुलीने सी भाषेतला छोटा प्रोग्राम लिहिला. पाच एकांचे उत्तर बरोबर आले. सहा एकांना यंत्राने दाखवले: उणे ५३९२४७५६७. तिच्या वहीत १२३४५६५४३२१ हे उत्तर शुद्ध लिहिलेले होते. तिने ते खोडरबराने पुसले आणि म्हणाली, “सर, माझं चुकलं.”

आमचे मन त्या खोडरबरापाशी अडकले. ही मुलगी कल्याण पूर्वेतील एका चाळीतून आलेली, घराण्यात शाळेची पायरी चढणारी पहिली. आमच्या आजोबांच्या पिढीने सावकाराच्या वहीवर अंगठे उठवले, कारण वहीतला आकडा पडताळण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते. शिक्षणाने ते साधन आपल्या हाती आले. आता यंत्राच्या पडद्यापुढे तेच साधन कोणी आपण होऊन खाली ठेवू लागले, तर निवासी शाळा चालवून आपण काय मिळवले? आम्ही तिला एवढेच विचारले, “दोन धन संख्यांचा गुणाकार ऋण कसा होईल? आणि १ गुणिले १ केल्यावर शेवटी ७ कोठून आला?” ती थबकली. पुसलेले उत्तर तिने पुन्हा लिहिले, या वेळी पेनाने.

त्याचे कारण आम्हीही मग नीट समजून घेतले. संगणकात पूर्णांकासाठी ठरावीक मापाचे दालन असते. नेहमीचे दालन बत्तीस बिटांचे. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७. विजेच्या जुन्या मीटरचे आकडे ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतात, तसेच येथे होते. फक्त फेरी ४२९४९६७२९६ ची असते आणि तिचा अर्धा भाग ऋण संख्यांसाठी राखलेला असतो. खऱ्या उत्तरातून ही फेरी तीन वेळा वजा केली की बरोबर तो उणे आकडा मिळतो. मुलांनी फळ्यावर करून पाहिले. चौसष्ट बिटांचे दालन घेतले तर दहा एकांपर्यंत निभावते, अकरा एकांना तेही फसते. तक्ते करण्याच्या प्रोग्रामात तर निराळीच गंमत झाली. नऊ एकांच्या वर्गाचे उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. यंत्राने शेवटी ३०० लिहून टाकले, कारण तेथे पंधरा अंकच अचूक राहतात. उणे चिन्ह निदान डोळ्यांत भरते. हे खोटे सभ्य कपड्यांत येते, म्हणून अधिक वाईट.

इतिहासाच्या माणसाला येथे नाणेघाट आठवल्यावाचून राहत नाही. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणाऱ्या त्या घाटातील सातवाहनकालीन लेख यज्ञांच्या दक्षिणेचा आहे, त्याचे आम्हांला कौतुक नाही. परंतु त्यातील अंक अमोल आहेत. दहासाठी वेगळे चिन्ह, वीससाठी वेगळे, शंभर आणि हजारासाठी आणखी वेगळे. चार हजार लिहावयाचे तर हजाराच्या चिन्हाला चार जोडायचे. शून्य नाही. संख्या वाढली की चिन्हे वाढवावी लागत. ‘ललितविस्तर’ ग्रंथातील कथेत सिद्धार्थ कोटीपासून शंभराच्या पटीने नावे सांगत तल्लक्षणापर्यंत, म्हणजे एकावर त्रेपन्न शून्यांपर्यंत जातो. कथा ती कथाच. पण एवढी मोठी संख्या मनात आणण्याची हौस त्या काळी होती, हे तिच्यावरून कळते. स्थानमूल्य आले आणि दहाच चिन्हांत कितीही मोठी संख्या लिहिता येऊ लागली.

संगणकावरील उपायही तोच निघाला. संख्या एका दालनात कोंबायची नाही. प्रत्येक अंकाला आपले दालन द्यायचे, दालनांची रांग करायची, आणि वहीत करतो तसाच गुणाकार करून हातचा डावीकडे न्यायचा. मुलांना हे सांगावे लागले नाही, कारण हातचा त्यांना तिसरीपासून येत होता. पायथॉनसारख्या भाषा हे काम आतल्या आत करतात. तेथे एकेका दालनात तीस बिट ठेवतात, एवढाच फरक. अंक फार वाढले की ही शालेय रीत मंद पडते. १९६० मध्ये मॉस्कोच्या तेवीस वर्षांच्या कारात्सुबाने संख्येचे दोन भाग पाडून चार गुणाकारांचे काम तिनांत उरकून दाखवले. तो भाग गणिताच्या शिक्षकांनी परतल्यावर शिकवला. बँकेच्या संकेतस्थळाचे कुलूप पुष्कळदा ६१७ अंकी संख्येवर उभे असते, हे ऐकल्यावर पालकसभेत एका मातेने विचारले, “म्हणजे आमचे पैसे हातच्यावर आहेत?” उत्तर होकारार्थी द्यावे लागले.

दहा एकांचा वर्ग मात्र मुलांनी हातानेच केला. मधल्या रांगेत १० आले, हातचा शेजारच्या ९ वर गेला, त्याचेही १० झाले, तो हातचा ८ वर गेला, आणि उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. चढउतार मोडला, आठ नाहीसा झाला. काही मुले हिरमुसली. आम्हांला तर हीच संख्या अधिक आवडते.

वार्षिक प्रदर्शनात त्याच मुलीने शंभर एकांचा वर्ग छापून लावला. १९९ अंक, चार ओळींत. खाली तिने ताळा मांडला होता: शंभर एकांची बेरीज १००, नवाने भागल्यास बाकी १, म्हणून वर्गाच्या अंकांची बेरीज करून नवाने भागल्यास बाकी १ यावी. पाहुण्यांनी यंत्राचे उत्तर मान्य करण्यापूर्वी ही बेरीज स्वतः करावी, असा तिचा आग्रह होता, आणि त्यासाठी तिने बाजूला कोरे कागद व पेन्सिली ठेवल्या होत्या. संस्थेचे एक ज्येष्ठ विश्वस्त चष्मा पुसून खरोखरच बेरजेला बसले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बाकी १ आली.